पॅलिएटिव्ह केअरची घरभेट: नव्याने आलेल्या सिस्टर आणि ब्रदरसाठी

वॉर्डातून किंवा आयसीयूतून पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारातल्या पेशंटचा त्रास हलका करणाऱ्या सेवेच्या, घरभेटीच्या टीममध्ये आलेल्या परिचारिकेची सुरुवातीला फार ओढाताण होते. वॉर्डात ऑर्डर शीट असते, हाकेच्या अंतरावर डॉक्टर असतात, भिंतीला ऑक्सिजनचा पॉइंट असतो. इथे दोन खोल्यांचं घर, खाटेवर पेशंट, दारात जमलेले शेजारी आणि तुमच्या खांद्याला एक पिशवी. नेमकं करायचं काय, हे कुणी नीट सांगत नाही. मी हे काम बरीच वर्षं गावांत आणि शहरांत, दोन्हीकडे करते आहे. नव्या मुलींना शिकवताना ज्या शंका पुन्हा पुन्हा येतात, त्या इथे क्रमाने मांडते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तुमची भेट तासाभराची. बाकी सगळा वेळ पेशंटला सांभाळते ती त्याची बायको, सून, लेक किंवा मुलगा. रात्री दोन वाजता कळ आली तर तिथे तुम्ही नसता, सून असते. तेव्हा भेट झाल्यावर त्या सुनेला काय करता येऊ लागलं, यावर तुमचं काम मोजायचं.

हे काम फक्त शेवटच्या आठवड्याचं आहे, हा गैरसमज आपल्या दवाखान्यांतसुद्धा भरपूर आहे. केमो चालू असतानाही पॅलिएटिव्ह केअर देता येते आणि द्यायला हवी. कॅन्सरशिवाय किडनी निकामी झालेले, हृदय थकलेले, दम्याच्या जुन्या आजाराने खाटेला खिळलेले, अर्धांगवायूचे, विसरभोळेपणाच्या आजाराचे, असे सगळे पेशंट तुमच्या यादीत येतील.

या शाखेची पायाभरणी करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग वैद्यकीय समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. त्यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटसाठीचं शुश्रूषाघर, सुरू केलं. शरीराचं दुखणं, मनाची घालमेल, नात्यांतले ताण, पैशाची चिंता आणि देवाशी चाललेलं भांडण मिळून एकच वेदना होते, ही त्यांची मांडणी होती. आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन हे देशातलं पहिलं हॉस्पिस उभं राहिलं, आणि १९९३ पासून केरळमधल्या कोझिकोडने घरोघरी जाणाऱ्या सेवेचा रस्ता दाखवला. त्या रस्त्यावर परिचारिका मध्यभागी आहे.

१. आधी प्रशिक्षण घ्या

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगच्या अभ्यासात या विषयाला फार थोडी जागा मिळते, त्यामुळे वेगळं प्रशिक्षण लागतंच. परिचारिकांसाठी सहा आठवड्यांचा मूलभूत प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. कोझिकोडची इन्स्टिट्यूट ऑफ पॅलिएटिव्ह मेडिसिन आणि तिरुवनंतपुरमची पॅलियम इंडिया तो शिकवतात. महाराष्ट्रात पुण्यात वारजे इथे १९९७ पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर आणि प्रशिक्षण केंद्र आहे, आणि मुंबईत टाटा मेमोरियलचा पॅलिएटिव्ह विभाग. निदान काही दिवस अनुभवी परिचारिकेच्या मागे उभं राहून भेटी पाहा. जखम धुताना ती पेशंटशी काय बोलते, हे पुस्तकात सापडत नाही.

तुमच्या अधिकाराची हद्दही आधीच समजून घ्या. औषध लिहून देणं, डोस बदलणं, मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र देणं ही डॉक्टरांची कामं. गावात लोक तुम्हालाच ‘डॉक्टरीणबाई’ म्हणू लागतात आणि गोळी बदलून मागतात. लगेच फोन लावा, डॉक्टरांशी बोला, त्यांनी सांगितलेलं वहीत वेळेसकट लिहा.

२. पिशवी आणि कागद

पिशवी आदल्या संध्याकाळी भरा. माझ्या पिशवीत हे कायम असतं:

- बीपीचं यंत्र, स्टेथोस्कोप, थर्मामीटर, पल्स ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, टॉर्च
- ग्लोव्हज (निर्जंतुक आणि साधे दोन्ही), मास्क, प्लास्टिकचा एप्रन
- गॉज, कापूस, रोलर बँडेज, चिकटपट्टी, कात्री, चिमटे, सलाईनची बाटली
- मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या, टर्पेंटाइन तेल, लिग्नोकेन जेली
- फोलीज कॅथेटर (लघवीची नळी), लघवीची पिशवी, राईल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), १० आणि ५० मिलीच्या सिरिंज
- त्वचेखाली औषध द्यायला बटरफ्लाय नीडल
- गडद रंगाचे दोन जुने टॉवेल (कशासाठी, ते पुढे येईल)
- वापरलेल्या सुयांचा डबा आणि कचऱ्यासाठी वेगळ्या पिशव्या

जखमेचा कचरा त्या घराच्या उकिरड्यावर टाकून येऊ नका. तो केंद्रावर परत आणायचा.

घरी एक फाईल तयार करून ठेवा. तिच्यात दवाखान्याचे केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, बायॉप्सीचा रिपोर्ट, चालू औषधांची यादी, आधारची प्रत आणि तुमच्या टीमचा फोन नंबर असू द्या. फाईल कुठे ठेवली आहे, ते घरातल्या किमान दोघांना माहीत हवं. ती एरवी कुणी उघडतही नाही, पण अर्ध्या रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली की तीच उपयोगी पडते.

३. घरात शिरल्यावर

पिशवी लगेच उघडू नका. बसा, पाणी घ्या, पेशंटला नावाने किंवा नात्याने हाक मारा. काका, मावशी, आजी, जे त्या घरात शोभेल ते. खुर्ची खाटेशेजारी ओढून डोळ्यांच्या पातळीवर बसा. उभ्याने बोलणाऱ्या माणसाला घाई आहे, असं पेशंटला वाटतं आणि तो अर्ध्याच गोष्टी सांगतो.

पहिला प्रश्न मोकळा ठेवा: “आज सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?” उत्तर ऐकून पुष्कळदा धक्का बसतो. तुम्ही जखमेसाठी गेलेल्या असता आणि आजोबा सांगतात की तीन रात्री झोप नाही, कारण सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे. ते लिहून घ्या. टीममधल्या समाजसेवकाला कळवा. ज्यांना आजारामुळे कमावणं शक्य नाही अशांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, तिच्यात कॅन्सरचे पेशंटही बसतात. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात होतो. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी पुरावा आणि सरकारी दवाखान्याचं आजाराचं प्रमाणपत्र लागतं. हे आपलं काम नाही असं समजू नका. त्या कर्जाने झोप उडाली आहे, म्हणजे ते वेदनेचाच भाग आहे.

बोलणं चालू असताना डोळे फिरवत राहा. संडास किती लांब आहे? पेशंट कुणाच्या आधाराने उठतो? गोळ्या कुठे ठेवल्या आहेत, आणि पाकिटात उरलेल्या गोळ्यांचा हिशेब जुळतो का? सांभाळणाऱ्या बाईने आज काही खाल्लंय का?

४. दुखणं नीट विचारा

“दुखतंय का?” या प्रश्नाला आपल्याकडची जुनी माणसं “चालायचंच” म्हणून उत्तर देतात. त्यातून काही कळत नाही. कुठे, केव्हापासून, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, झोप मोडते का, आणि कसं दुखतं, हे एकेक करून विचारा. माणूस कुठला शब्द वापरतो तो जसाच्या तसा लिहा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. ‘आग आग होते’, ‘करंट मारल्यासारखं’, ‘मुंग्या येतात’, ‘सुया टोचतात’ असं सांगितलं तर बहुधा नसेचं दुखणं असतं, आणि त्याची औषधं वेगळी असतात: अमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन. ‘हललं की ठणका लागतो’ म्हटलं की हाडाचा विचार करा. हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या ठणक्यावर रेडिएशनचा, म्हणजे पेशंट ज्याला शेक किंवा लाईट म्हणतात त्याचा, कधी कधी एकाच बैठकीत चांगला उपयोग होतो, हे डॉक्टरांशी बोलताना सुचवा. ‘कळा येऊन जातात’, ‘पोटात पीळ पडतो’ म्हटलं तर आतडं किंवा लघवीचा मार्ग तपासायचा.

तीव्रता शून्य ते दहा अशी मोजतात. सत्तरीच्या आजीला हे जमलं नाही तर “रुपयातले किती आणे दुखतं?” असं विचारा. “बारा आणे” असं उत्तर झटकन येतं. पुढच्या भेटीत तेच विचारा. सहा आण्यांवर आलं असेल तर औषध लागू पडतंय.

जो बोलू शकत नाही त्याचा चेहरा वाचा. कपाळाला आठ्या, कण्हणं, अंगाला हात लावू न देणं, एकाएकी जेवण सोडणं, रात्रीची तळमळ, यांतलं काहीही दुखण्याचं लक्षण असू शकतं. पण तळमळणाऱ्या पेशंटला झोपेचं औषध मागण्याआधी ओटीपोटावर हात ठेवून लघवी तुंबलेली नाही ना, ते पाहा. किती दिवसांत संडास झालेली नाही, तेही विचारा. एका कॅथेटरने शांत झोप लागते असा पेशंट तुम्हालाही भेटेल.

५. मॉर्फिन: घरच्यांची भीती आणि तुमचा हिशेब

या कामात सगळ्यात जास्त गैरसमज मॉर्फिनबद्दल, म्हणजे तीव्र वेदनेवरच्या अफूपासून बनणाऱ्या औषधाबद्दल आहेत, म्हणून इथे जरा थांबते.

कायद्याची बाजू थोडक्यात. मादक पदार्थांवर नियंत्रण ठेवणाऱ्या एनडीपीएस कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन मॉर्फिनसह सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती ठेवणं सोपं झालं. तुमच्या केंद्राला ती मान्यता आहे का, मॉर्फिनची नोंदवही कोण ठेवतं, गोळ्या कुणाच्या सहीने निघतात, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. घरी दिलेल्या प्रत्येक गोळीची नोंद करा. पेशंट गेल्यावर उरलेल्या गोळ्या मोजून केंद्रात जमा करायच्या. शेजारच्या दुसऱ्या पेशंटला त्या परस्पर कधीही देऊ नका, त्याची कितीही दया आली तरी.

तोंडाने घ्यायची साधी मॉर्फिनची गोळी अर्ध्या तासाच्या आसपास काम सुरू करते आणि तिचा असर साधारण चार तास राहतो. म्हणून ती घड्याळ लावून द्यायची असते: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा. रात्री उठावं लागू नये म्हणून डॉक्टर बहुतेक वेळा रात्रीचा डोस दुप्पट लिहितात. मधेच कळ उठली तर द्यायचा जादा डोसही चिठ्ठीवर असतो. घरची मंडळी नेमकी इथे घोटाळा करतात: “दुखलं तरच देतो, उगाच कशाला सवय लावायची?” मग दुखणं पुन्हा टोकाला जातं आणि दुप्पट औषधानेही लवकर बसत नाही. त्यांना घड्याळाची आकृती काढून द्या. अक्षरओळख नसेल तर सूर्य, जेवणाचं ताट, चंद्र अशी चित्रं काढा आणि प्रत्येक वेळेची गोळी वेगळ्या पुडीत बांधून दाखवा.

“ही शेवटची गोळी ना, सिस्टर?” हा प्रश्न येणारच. दुखण्यासाठी योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिनने माणूस लवकर मरत नाही आणि व्यसनीही होत नाही, हे न कंटाळता सांगा. दुखणं थांबल्यावर माणूस पुन्हा उठून बसतो, अंघोळ करतो, नातवाशी बोलतो, हे घरच्यांनी एकदा पाहिलं की बाकी समजावणं फारसं उरत नाही.

काय होऊ शकतं तेही सांगा. सुरुवातीचे काही दिवस गुंगी आणि मळमळ असते, मग ती ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून मॉर्फिनबरोबर संडास साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवंच. चिठ्ठीवर ते नसेल तर डॉक्टरांना विचारा. इथे एक फसवी गोष्ट लक्षात ठेवा. बरेच दिवस संडास नाही, आणि अचानक पातळ संडास थोडी थोडी गळायला लागली, तर ती हगवण नसून अडकलेल्या मळाच्या कडेने झिरपणारं पाणी असू शकतं. घरचे दुकानातून जुलाब थांबवायची गोळी आणतात आणि परिस्थिती आणखी बिघडते.

पेशंट हाका मारूनही नीट जागा होत नाही, श्वास मिनिटाला आठच्या खाली गेला आहे, अंगाला झटके येतात, किंवा लघवी कमी होऊन बोलणं असंबद्ध झालं आहे, तर पुढचा डोस थांबवून लगेच डॉक्टरांना फोन करा. किडनी कमजोर असलेल्यांत हे लवकर होतं.

फेंटानिलचा, म्हणजे मॉर्फिनसारख्याच औषधाचा, त्वचेवर चिकटवायचा पॅच लावलेला असेल तर तो ७२ तासांनी बदलायचा, जुना काढूनच नवा लावायचा, आणि त्यावर गरम पाण्याची पिशवी शेकायची नाही. उष्णतेने औषध एकदम अंगात उतरतं. ताप आला तरीही डॉक्टरांना कळवा.

६. जखम, तोंड, पाठ आणि नळ्या

तंबाखू, गुटखा आणि मिश्रीने आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट फार आहेत. गालातून फुटलेली जखम, तिचा वास, आणि त्या वासामुळे घरातल्यांपासून तुटलेला माणूस तुम्हाला वारंवार भेटेल. नातवंडांना त्या खोलीत येऊ देत नाहीत. म्हणून वास घालवणं हे माझ्या मते या कामातलं पहिल्या रांगेतलं काम आहे.

जखम कोमट सलाईनने धुवा. घरी करायचं तर अर्धा लिटर पाण्यात एक सपाट चमचा मीठ घालून उकळायचं, झाकून गार करायचं आणि त्याच दिवशी वापरायचं. चिकटलेलं ड्रेसिंग ओढू नका, सलाईनने भिजवून सुटू द्या. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड उघड्या मांसावर नको. मग मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची अगदी बारीक पूड करून जखमेवर पसरा आणि वर गॉज ठेवा. काही दिवसांत वास उतरतो. ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी दुखण्याचा डोस दिला तर पेशंट तुमच्या येण्याला घाबरणार नाही.

जखमेत अळ्या पडल्या तर घर हादरतं, पेशंट लाजेने तोंड फिरवतो. तुमच्या चेहऱ्यावर किळस दिसता कामा नये. टर्पेंटाइन तेलात भिजवलेला गॉज जखमेच्या तोंडाशी थोडा वेळ ठेवला की अळ्या बाहेर येतात, त्या चिमट्याने काढायच्या. हे काही दिवस रोज करावं लागतं. मच्छरदाणी लावायला सांगा आणि जखम एक क्षणही उघडी ठेवू नका, माशी बसली की पुन्हा तेच.

मानेची किंवा गालाची जखम मोठ्या रक्तवाहिनीजवळ असेल तर एकाएकी खूप रक्त जाऊ शकतं. घरातल्या धीराच्या माणसाला बाजूला घेऊन हे आधीच सांगा आणि ते गडद टॉवेल खाटेजवळ ठेवा. पांढऱ्या कापडावर थोडं रक्तही भयंकर दिसतं. रक्त सुरू झालं तर टॉवेलने दाबून धरायचं, पेशंटला कुशीवर करायचं, त्याला एकटं सोडायचं नाही, आणि फोन करायचा.

तोंड: दर दोन-तीन तासांनी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने चूळ, शुद्ध नसेल तर बोटाला ओला गॉज गुंडाळून पुसणं, ओठांना व्हॅसलीन किंवा तूप. जिभेवर पांढरा थर आणि गिळताना आग असेल तर बुरशी असू शकते, डॉक्टरांना सांगा. एवढ्यावरून थांबलेलं जेवण पुन्हा सुरू होतं.

पाठ: दर दोन तासांनी कूस बदला. लाल झालेल्या जागी मालिश करू नका, आतली त्वचा आणखी फाटते. मध्ये भोक असलेली रबरी चकती ढुंगणाखाली ठेवायची जुनी पद्धत सोडा. तिने कडेचा रक्तपुरवठा दाबला जातो. हवेची गादी मिळाली तर उत्तम, पण ती आली म्हणून कूस बदलणं थांबत नाही. चादरीची सुरकुती, भाताची शितं, ओला लंगोट याने चोवीस तासांत जखम होते.

नाकातल्या नळीने भरवताना डोकं उंच ठेवायचं, भरवून झाल्यावर अर्धा ते एक तास तसंच बसवायचं, आधी-नंतर पाणी सोडायचं. कॅथेटरची पिशवी मूत्राशयाच्या खाली लटकवायची, पेशंटला फिरवताना ती पोटावर ठेवायची नाही. स्तनाच्या कॅन्सरनंतर हात सुजलेला असेल तर त्या हातावर बीपी, सुई, काहीही नको.

दम लागलेल्याला उशा लावून बसवा, खिडकी उघडा, पंख्याचा वारा थेट चेहऱ्यावर येऊ द्या. गर्दी बाहेर पाठवा. ऑक्सिजनचं प्रमाण चांगलं असेल तर सिलिंडरचा फारसा उपयोग नसतो. अशा वेळी डॉक्टर बऱ्याचदा मॉर्फिनची लहान मात्रा देतात.

७. हे दिसलं तर उद्यावर ढकलू नका

पाठीत नवीन दुखणं आणि पायातली ताकद कमी होणं किंवा लघवी अडकणं: मणक्यातली मज्जा दाबली जात असू शकते. काही तास गेले तर पाय कायमचे जातात. चेहरा आणि मान सुजून गळ्याच्या शिरा फुगणं. अचानक गोंधळलेलं बोलणं, खूप तहान आणि बद्धकोष्ठ एकत्र येणं, म्हणजे रक्तात कॅल्शियम वाढलेलं असू शकतं. केमो चालू असताना ताप. या चारही वेळी त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टरांना फोन करा. पॅलिएटिव्ह पेशंट आहे म्हणून काहीच करायचं नाही, असा अर्थ कधीही नसतो.

८. घरच्यांना शिकवण्याची रीत

आधी तुम्ही करून दाखवा, दुसऱ्या भेटीत दोघींनी मिळून करा, तिसऱ्या भेटीत ती करेल आणि तुम्ही फक्त पाहा. “समजलं ना?” असं विचारलं की सगळे मान हलवतात. त्याऐवजी “आता मला करून दाखवा” म्हणा. पुरुषांनाही शिकवा. मुलगा बापाचा लंगोट बदलायला संकोचतो, पण एकदा शिकवल्यावर तो ते मनापासून करतो आणि एकट्या सुनेच्या अंगावर पडलेला भार हलतो. गावात आशाताईंना बरोबर घ्या. तुम्ही आठवड्याने येणार, त्या रोज दारावरून जातात.

आणि सांभाळणाऱ्या व्यक्तीला पेशंटपासून दूर, स्वयंपाकघरात किंवा ओट्यावर बसवून विचारा की ती कशी आहे. बहुतेक वेळा आधी रडू येतं. येऊ द्या.

९. “त्यांना काही सांगू नका हं”

दारातच मुलगा हात जोडून हे सांगतो. त्याच्यावर चिडू नका, तो बापाला जपतोय. पण खोटं बोलायचं वचनही देऊ नका. माझं उत्तर असं असतं: “दादा, मी आपणहून काही बोलणार नाही. पण काकांनी मला सरळ विचारलं, तर मी खोटं सांगणार नाही. त्यांना काय वाटतंय ते आधी विचारेन.”

आणि काका विचारतातच, तुम्ही एकट्या असताना, ड्रेसिंग करताना. “सिस्टर, मी बरा होणार का?” लगेच उत्तराकडे धावू नका. “तुम्हाला स्वतःला काय वाटतंय?” असं विचारा आणि गप्प राहा. पुष्कळांना सगळं ठाऊक असतं. बोलायला माणूस नसतो. निदान आणि पुढचा अंदाज नीट सांगणं डॉक्टरांबरोबर बसून करा, पण त्या क्षणी हात सोडून उठू नका. ‘काही होत नाही, देवावर भरवसा ठेवा’ असं म्हटलं की माणूस तिथेच बोलणं मिटतो.

इच्छा विचारायची वेळही हीच. घरी राहायचं की दवाखान्यात? व्हेंटिलेटर नको असेल तर ते लिहून ठेवायचंय का? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही पुरते. कुटुंबाला वकिलाकडे पाठवण्याआधी टीमच्या डॉक्टरांशी बोलणं घडवून आणा.

१०. शेवटचे दिवस

खाणं-पिणं थांबणं, दिवसभर झोप, लघवी कमी, हातपाय गार आणि निळसर, श्वास मधेच थांबून पुन्हा सुरू होणं, ही चिन्हं घरच्यांना आधी सांगून ठेवा. न सांगता ती आली की घाबरून रुग्णवाहिका बोलावली जाते आणि घरी राहायची इच्छा असलेला माणूस दवाखान्याच्या स्ट्रेचरवर जातो.

“निदान सलाईन तरी लावा” असा आग्रह प्रत्येक घरात होतो. उपाशी मारतोय असं मुलांना वाटतं. सांगा की या वेळी शरीर पाणी वापरू शकत नाही, जादा पाणी छातीत आणि पायांत साठून दम वाढवतं. त्याऐवजी त्यांना काहीतरी करायला द्या: ओल्या गॉजने ओठ भिजवणं, पाय चेपणं, कपाळावरून हात फिरवणं. गंगाजल आणि तुळशीपत्र ठेवायचं असेल तर जरूर ठेवू द्या; गिळणं थांबलं असेल तर चमचाभर ओतण्याऐवजी दोन थेंब ओठांना लावा म्हणा, म्हणजे ठसका लागत नाही.

घशात घरघर वाजू लागली की कुशीवर वळवा. नळी घालून खोलवर ओढून काढायची धडपड नको, त्याने त्रास वाढतो. घरघर कमी करणारी इंजेक्शनं डॉक्टर त्वचेखालून द्यायला सांगतात. आता गरज नसलेल्या गोळ्या थांबवायच्या का, हे डॉक्टरांना विचारा. दुखण्याचं औषध मात्र गिळता येत नाही म्हणून बंद पडू देऊ नका. ऐकू येत असेल असं धरून चाला, आणि घरच्यांना पेशंटच्या कानाशी बोलायला सांगा.

११. मृत्यूनंतरची कागदपत्रं आणि पुढची भेट

घरी झालेल्या अपेक्षित मृत्यूसाठी शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. घरच्या मृत्यूसाठी तो नमुना ४-अ. हे डॉक्टर कोण, रात्री त्यांना फोन कुणी करायचा, ते शेवटच्या आठवड्यातच ठरवा. ऐन वेळी ओळख नसलेले डॉक्टर सही करायला तयार होत नाहीत आणि अंत्यविधी खोळंबतो. नोंदणी ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेत २१ दिवसांच्या आत करायची. पेन्शन, विमा, वारसनोंद, सगळ्याला नोंदणीनंतर मिळणारा मृत्यूचा दाखला लागतो, म्हणून जादा प्रती काढून घ्यायला सांगा.

तुम्ही तिथे असाल तर नळ्या काढून, जखमेवर स्वच्छ ड्रेसिंग करून, अंग पुसून द्या. त्या घरच्या रीतीप्रमाणे काय करायचंय ते विचारूनच हात लावा.

तेराव्यानंतर एकदा त्या घरी जा. गोळ्या आणि गादी परत घ्यायच्या असतातच. बसा आणि सांभाळलेल्या बाईला बोलू द्या; “मी त्या रात्री आणखी एक गोळी दिली असती तर?” असा काहीतरी प्रश्न तिच्या मनात रुतलेला असतो. तिने काय काय बरोबर केलं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं असतं, ते तिला एकेक करून सांगा. झोप नाही, जेवण नाही, जीव नकोसा झालाय, असं बरेच आठवडे चाललं असेल तर टीमच्या समुपदेशकाकडे न्या. त्याच आठवड्यात टीमच्या बैठकीत तुमच्या मनात काय राहिलं तेही बोला, आणि मग पुढच्या घराची पिशवी भरा.